पिशवी ठेवायला जागा नसलेली गाडी



मागच्या वेळी मेथांब्याची कृती लिहिली होती आणि आज एकदम पोर्शेवर लिहायला बसले आहे, तर दचकू नका. म्हातारीला चळ लागलाय असं आमच्या घरात दोघांना वाटतंच, त्यात तुमची भर पडली तरी माझी हरकत नाही.

झालं असं की परवा रात्री स्टुटगार्टहून भाच्याचा फोन आला. गुडघे कसे आहेत, पाऊस पडला का, वगैरे झाल्यावर त्याने नेहमीचा प्रश्न टाकला, "मावशी, आता फायनल सांग. आरएस की टूरिंग?" हा वाद आमच्यात दोन-अडीच वर्षं चालू आहे. यातली एकही गाडी आम्हा दोघांपैकी कुणाला परवडणारी नाही, त्यामुळे वाद अगदी निर्मळ असतो. त्याच्याकडे आहे ती जुनी, दुसऱ्या हाताची केमन. माझ्याकडे एके काळी लूना होती आणि ती चाळीसच्या वर कधी गेली नाही. आमच्या ह्यांची फियाट होती, स्टिअरिंगला गिअरचा दांडा असलेली. तो दांडा ओढायचा सराव मी सुट्टीत शाळेच्या मैदानावर केला होता. मोटारींच्या बाबतीत माझी पात्रता एवढीच, हे आधीच सांगून टाकते.

ज्यांना या भानगडीची काहीच कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पोर्शेची ९११ ही गाडी १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात पहिल्यांदा मांडली, तेव्हा तिचं नाव ९०१ होतं. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर आमचा हक्क आहे असं फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने म्हटलं, म्हणून ९११ झालं. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. म्हणजे बैलगाडीत सगळी पोती मागच्या टोकाला रचावीत तसं. अशी गाडी वळणावर शेपूट फिरवणारच, आणि ते शेपूट ताब्यात आणण्यात या लोकांनी साठ वर्षं घालवली. मला या गाडीबद्दल जे प्रेम वाटतं ते यामुळे. वर्गात एखादा मुलगा मुळातच वाकडा बसणारा असतो. त्याला सरळ न करता, तसाच बसवून पहिला आणायचा, तसला हा प्रकार आहे.

या ९११च्या असंख्य जाती आहेत. त्यातली ट्रॅकवर पळवायच्या तयारीने केलेली जात म्हणजे जीटी३. पहिली आली १९९९ साली, ३६० अश्वशक्तीची. वॉल्टर रोर्लने ती न्युर्बुर्गरिंगवर ८ मिनिटांच्या आत फिरवून आणली, आणि त्या काळी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी ती मोठी गोष्ट होती. आजच्या जीटी३चं इंजिन चार लिटरचं, सहा सिलिंडरचं, ५१० अश्वशक्तीचं आहे. टर्बो नाही. मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत ते चढतं आणि चढताना जो आवाज करतं त्याचं वर्णन करण्याचा मोह मी टाळते, कारण मी मराठीची बाई असले तरी त्याला शब्द सापडलेला नाही.

आता या जीटी३चीही पुन्हा भावंडं. साध्या जीटी३ला मागे मोठा स्थिर पंख असतो. टूरिंगमध्ये तेच इंजिन, तीच चाकं, फक्त तो पंख काढलेला. मागची पट्टी वेगात आपोआप वर येते, एरवी दिसतसुद्धा नाही. शेजाऱ्याला कळणारही नाही की ही काय चीज आहे. आणि तिसरी आरएस. आरएस म्हणजे रेनस्पोर्ट, शर्यत.

२०२२ सालची आरएस हे प्रकरण मुद्दाम समजून घेण्यासारखं आहे. तिचा मागचा पंख गाडीच्या टपापेक्षाही उंच. तो वरून हंसाच्या मानेसारख्या दोन दांड्यांनी धरलेला, खालून नाही. मी भाच्याला विचारलं, असं उलटं का? तर हा पंख म्हणजे विमानाचा पंख उलटा केलेला. विमानाचा वर उचलतो, हा खाली दाबतो, आणि दाबण्याचं खरं काम त्याच्या खालच्या बाजूने जाणारा वारा करतो. तिथे दांडे आले की वारा विस्कटतो. म्हणून दांडे वरून. इतकं साधं! ताशी २०० किलोमीटरला ही गाडी स्वतःला ४०९ किलोंनी जमिनीवर दाबून धरते, २८५ला ८६० किलोंनी. गाडीचं स्वतःचं वजन १४५०. पुढच्या चाकांच्या सांध्यातले दांडेसुद्धा थेंबाच्या आकाराचे केलेत, त्यांच्यामुळे सर्वाधिक वेगाला पुढच्या बाजूला चाळीसेक किलोंचा दाब वाढतो. टपावर माशाचे कल्ले असावेत तशा पट्ट्या आहेत, पुढून निघणारी गरम हवा मागच्या इंजिनाच्या तोंडात जाऊ नये म्हणून.

आणि ही गरम हवा कुठून निघते? तर पुढच्या भागात तीन लहान रेडिएटर असायचे, त्याऐवजी आरएसमध्ये मधोमध एकच भला मोठा बसवलाय. तो बसवलाय कुठे, तर ९११मध्ये जिथे सामानाची डिकी असते तिथे. मागे सीट नाहीतच. म्हणजे दोन लाखांहून जास्त युरोंच्या गाडीत भाजीची पिशवी ठेवायला जागा नाही! मी हे ऐकलं तेव्हा इतकी हसले की भाच्याच्या बायकोला वाटलं ठसका लागला. गंमत पुढेच आहे. एवढं सगळं करून या महाग भावंडाचा सर्वाधिक वेग २९६, आणि साध्या जीटी३चा ३१८. तो पंख वाऱ्याला अडवतो ना! जास्त पैसे मोजायचे आणि सरळ रस्त्यावर मागे पडायचं. वळणावर मात्र हिला तोड नाही. न्युर्बुर्गरिंगवर साध्या जीटी३ला ६ मिनिटं ५९.९२७ सेकंद लागले होते, आरएसला ६ मिनिटं ४९.३२८.

हे आकडे मला पाठ आहेत याचं कारण असं की ते ठिकाण मी पाहून आले आहे. २०२३च्या मे महिन्यात भाच्याकडे गेले होते तेव्हा एका रविवारी तो म्हणाला, चल, तुला माझं देऊळ दाखवतो. आयफेलच्या डोंगरात साडेतीन तासांवर. १९२७ साली बांधलेला रस्ता, उत्तरेकडचा मोठा वेढा २०.८३२ किलोमीटरचा. महाबळेश्वरहून वाईला उतरताना जसा घाट लागतो तसा, पण घाट संपतच नाही. दोन्ही बाजूंना दाट झाडी. जॅकी स्टुअर्टने याला हिरवा नरक म्हटलं आणि तेच नाव पडलं. १९७६ साली निकी लाउडा इथेच पेटत्या गाडीत अडकला होता. फॉर्म्युला वनच्या शर्यती त्यानंतर या वेढ्यावर झाल्या नाहीत.

शर्यती नसतात त्या दिवशी तिथे कोणीही तीस-पस्तीस युरो भरून आपली गाडी घेऊन जाऊ शकतो. कायद्याने तो तेव्हा टोलचा एकेरी रस्ता असतो. वाहतुकीचे नियम लागू, उजवीकडून ओव्हरटेक बंद. आणि मला सर्वांत आवडलेला नियम म्हणजे त्या दिवसांत फेरीची वेळ मोजायला बंदी! ज्या रस्त्याची सगळी कीर्ती घड्याळावर, तिथे सामान्य माणसाला घड्याळ लावायला मनाई. हा नियम ज्याने केला त्याने वर्गावर नक्की काही वर्षं काढली असणार.

भाचा फेरीला गेला, मी गेले नाही. मी ब्रुनशेन नावाच्या वळणाशी गवतावर घडीची खुर्ची टाकून बसले, थर्मासमधला चहा आणि चिवडा घेऊन. शेजारी सत्तरी ओलांडलेले एक जर्मन आजोबा, त्यांच्या हातात सँडविच. भाषा एकमेकांची येत नाही. पण एखादी गाडी वळणात बरोब्बर रेघ धरून गेली की ते माझ्याकडे बघून मान डोलवायचे, अगदी सवाई गंधर्वमध्ये समेवर डोलवतात तशी. तासाभरात मलाही कळायला लागलं. महागड्या गाड्या धडपडत जात होत्या आणि एक जुनी लहानशी लाल गाडी अशी काही गेली की आजोबांनी सँडविच खाली ठेवलं. मग पाऊस आला. डोंगराच्या एका बाजूला ऊन आणि इथे पाऊस. पहिल्याच ओल्या वळणाला एक पांढरी गाडी हळूच, अगदी सावकाश वाटावं अशी फिरली आणि कठड्याला टेकली. माणसं धडधाकट बाहेर आली. पण भाचा परत येईपर्यंतची ती बारा-तेरा मिनिटं मी चिवड्याचा डबा हातात धरून नुसती बसले होते. आला तेव्हा म्हणाला, "पुढचे टायर जरा गेलेत गं, पाण्यात धरत नाहीत." हे मी बहिणीला सांगितलं नव्हतं. आता कळेलच.

तर आरएस की टूरिंग. भाचा आरएसच्या बाजूने आहे आणि त्याचा सगळा भरवसा त्या दहा सेकंदांवर. माझं म्हणणं असं की मी सदतीस वर्षं गुण देण्याचं काम केलंय, मला आकड्याची भीती दाखवू नये. तो ६:४९.३२८ कसा आला ते बघा. गाडी यॉर्ग बेर्गमायस्टरच्या हातात, म्हणजे आयुष्य शर्यतीत घालवलेल्या माणसाच्या. रस्ता मोकळा. टायर रस्त्यावर कायदेशीर, पण खरे कोरड्या ट्रॅकसाठीच. आणि त्याच फेरीचा आणखी एक आकडा आहे, ६:४४.८४८. कारण पूर्वी सुरुवातीचा दोनशे मीटरचा तुकडा धरत नसत, २०.६ किलोमीटरच मोजत. २०१९पासून पूर्ण वेढा मोजायचं ठरलं. म्हणजे एकच पेपर, एकच विद्यार्थी आणि दोन गुणपत्रिका. आपल्याकडे बेस्ट ऑफ फाइव्ह आलं तेव्हा टक्केवारीवरून शिक्षक-खोलीत असेच वाद व्हायचे. आणि मग लोक जुन्या गाडीचा एका मापाचा आकडा नव्या गाडीच्या दुसऱ्या मापाच्या आकड्याशी लावून भांडतात.

शिवाय तो ४०९ किलोंचा दाब. आमच्या शाळेतले गणिताचे सर अजून फोनवर भेटतात. त्यांना विचारलं, ताशी ५०ला किती? ते म्हणाले, वेग चौथा हिस्सा झाला की दाब सोळावा हिस्सा. म्हणजे जेमतेम २५ किलो. तांदळाचा एक कट्टा! गावातून जाताना तो सगळा पंखांचा संसार एका कट्ट्याचं काम करतो, आणि तो कट्टा ठेवायला गाडीत जागा नाही ती नाहीच.

म्हणून माझं मत टूरिंगला. हे माझं एकटीचं खूळ नाही. १९७३च्या सुप्रसिद्ध कॅरेरा आरएस २.७चीच गोष्ट घ्या, बदकाच्या शेपटीसारखा पत्रा मागे असलेली. शर्यतीच्या नियमासाठी ५०० गाड्या विकणं भाग होतं, विकल्या गेल्या १५८०. त्यातल्या हलक्या, गालिचासुद्धा काढलेल्या २००, आणि आतून ठीकठाक असलेल्या टूरिंग १३०८. शर्यतीची म्हणून मिरवणारी गाडी, पण घेणाऱ्यांना रोज बसता येईल अशीच हवी होती.

गिअरच्या बाबतीत मात्र मी माझी हार कबूल करते, निदान अर्धी. २०१३ साली जीटी३मधून हाताचा गिअर काढून टाकला. म्हणे यंत्र माणसापेक्षा झटपट बदलतं, आणि ते खरंच आहे. केवढा गहजब झाला! मग २०१६मध्ये ९११ आर काढली, हाताच्या गिअरची, फक्त ९९१ गाड्या, आणि लोकांनी वाट्टेल त्या किमतीला ती घेतली. २०१७ साली जीटी३मध्ये हाताचा गिअर मुकाट्याने परत आला. मी तेव्हापासून म्हणत होते की वेळ जास्त लागली तर लागू दे, हाताने लिहिलेलं ते हाताने लिहिलेलं. तर २०२५च्या एप्रिलमध्ये याच बेर्गमायस्टरने हाताच्या गिअरची नवी जीटी३ ६:५६.२९४मध्ये फिरवली, म्हणजे आधीच्या पिढीच्या आपोआप गिअरवाल्या जीटी३पेक्षा साडेतीन सेकंदांनी लवकर. भाच्याने लगेच मेसेज केला, "मावशी, तुझ्या हस्ताक्षराला बक्षीस." माझी पंचाईत अशी की आकड्यावर विश्वास नाही म्हणून इतके दिवस भांडले आणि आता आकडा माझ्या बाजूने आला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी शिरा केला होता.

आता जे लिहायला खरी बसले ते लिहिते.

१९ मे २०२४ला पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेने दोघांना उडवलं. मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेली दोन तरुण मुलं, एक मुलगा आणि एक मुलगी. अल्पवयीन मुलगा चालवत होता असा आरोप. काही तासांत जामीन मिळाला आणि त्याच्या अटींत एक अट होती ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची. मी आयुष्यभर निबंध दिले, तपासले. आठवीच्या पोरांना शिक्षा म्हणूनही दिले असतील. त्या दिवशी पहिल्यांदा 'निबंध' या शब्दाची लाज वाटली. ती गाडी आमच्या वादातली नव्हेच, चार दारांची विजेवरची टायकान. पण टीव्हीवर आठ दिवस एकच शब्द घुमत होता, पोर्शे, पोर्शे. आणि साताऱ्यात बसलेल्या माझ्या धाकट्या बहिणीच्या लेकाकडे पोर्शे आहे, एवढंच तिला दिसत होतं. तिने मला फोन केला. "तू मोठी आहेस, तुझं ऐकतो तो. ते तिकडे गोल गोल फिरणं बंद कर म्हणावं. लहान मुलगी आहे त्याला."

ती चूक बोलत नव्हती. तिकडे त्या वेढ्यावरही माणसं मरतात, अशा साध्या रविवारीसुद्धा. पांढरी गाडी मी डोळ्यांनी पाहिली आहे. तरीही मी त्याला बंद कर म्हटलं नाही, आणि बहीण त्यावरून अजून रुसलेली आहे.

माझ्या वर्गातला एक मुलगा दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत गेला. मामाची नवी मोटारसायकल होती, शंभर सीसीची. खंबाटकी घाट. किती लवकर उतरतो याची मित्रांशी पैज होती. पुढे निकाल लागला, त्याला ७४ टक्के होते. गुणपत्रिका न्यायला त्याचे वडील आले. मी ती त्यांच्या हातात दिली. काय बोलले ते आठवत नाही, बहुतेक काहीच बोलले नाही. पाचशे अश्वशक्ती नव्हती हो त्या गाडीला, आठसुद्धा नसेल. घड्याळ होतं आणि समोरून येणारा ट्रक होता.

म्हणून मला आरएस ही गाडी विचित्र वाटली तरी तिचा राग येत नाही. ती पंख उभारून सांगते की मी कुठली आहे. तिला फाटक लागतं, एकेरी रस्ता लागतो, वळणावळणाला झेंडा घेऊन उभी माणसं लागतात. ते सगळं जर्मनीत गवतावर बसून सँडविच खाता खाता बघता येतं. आपल्याकडे मोठी सर्किटं म्हणाल तर चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टै, कोइम्बतूरजवळ करी, आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, ५.१२५ किलोमीटरचं, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली. पुण्याहून यातलं कुठलंही हजार किलोमीटरच्या वर. शोरूम मात्र घराजवळ. आम्ही गाडी आणली, तिचा रस्ता आणायचा विसरलो आणि मग ती रात्री दोनला गावात पळते. अशी गाडी मुलाला घेऊन देणाऱ्या बापाने तिच्याबरोबर वर्षातून चार दिवस तरी कोइम्बतूरला जावं, स्वतः खुर्ची टाकून बसावं, असं माझं सरळ मत आहे. जायला वेळ नसेल तर गाडी घेऊ नये. कुणाला हे हुकूमशाहीचं वाटलं तर वाटो, शाळेतही वाटायचं.

आणि ताई म्हणणारी माझी धाकटी बहीण हे वाचणार आहेच, रात्री जेवणं झाल्यावर चष्मा शोधून. तेव्हा तिला इथेच सांगते. तू म्हणालीस म्हणून मी त्याला फोन केला होता. फिरणं बंद कर म्हटलं नाही हे खरं. पुढचे टायर बदल म्हटलं, आणि पाऊस असेल त्या दिवशी फाटकातून परत फिर म्हटलं. गेल्या महिन्यात त्याने चारही बदलले. पावती मला पाठवली आहे, जर्मनमध्ये आहे पण आकडे वाचता येतात. रविवारी येशील तेव्हा दाखवते.